कुटुंबाची गाडी: मालकाच्या मागणीपासून मोजता येणाऱ्या गरजेपर्यंत

'उत्पादन रचना' या विषयात सोपा वाटणारा आणि हमखास चुकणारा भाग म्हणजे ग्राहकाची गरज ओळखणे. या टिपणात तो भाग आपण एकाच वस्तूच्या आधारे समजून घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे कुटुंबाची क्रॉसओव्हर गाडी. बोलताना आपण तिला सरसकट एसयूव्ही म्हणतो. खरी जुनी एसयूव्ही शिडीसारख्या चौकटीवर उभी असते. क्रॉसओव्हरचा सांगाडा मात्र हॅचबॅकप्रमाणे एकसंध, म्हणजे मोनोकॉक असतो. फक्त तिची उंची, बैठक आणि जमिनीपासूनचे अंतर जास्त असते. टिपण समजायला बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि आकडेमोड स्वतः करून पाहा.

१. सुरुवात: एक साधा गृहपाठ

मी लखनौच्या गोमती नगर भागात राहतो. या वसाहतीतल्या बहुतेक विभागांची नावे 'वि'ने सुरू होतात: विवेक खंड, विनय खंड, विपुल खंड, विराम खंड, विभूती खंड. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एकदा जोड्या करून एकेक खंड वाटून दिला आणि सांगितले, "क्रॉसओव्हर चालवणाऱ्यांना विचारा, तुमच्या गाडीत काय सुधारायला हवे?"

मुले याद्या घेऊन आली. त्यात वारंवार येणाऱ्या मागण्या अशा होत्या:

- 'ब्रेकर पे नीचे लगती है', म्हणून गाडी उंच हवी.
- डिकी मोठी हवी; सीएनजीची टाकी बसवल्यावर बॅग ठेवायला जागाच उरत नाही.
- मागे पाय पसरायला जागा हवी.
- धुक्यात दिसत नाही, हेडलाइट जास्त प्रखर हवेत.
- एसीची बटणे पडद्यात गेली, ती परत हवीत.
- सनरूफ हवे.

मुलांना वाटले, काम झाले. यादी म्हणजेच गरज. मी वही परत दिली आणि म्हणालो, "हे उपाय आहेत. प्रश्न कुठे आहेत?"

ग्राहक बहुतेक वेळा आपली अडचण सांगत नाही, त्याला सुचलेला उपाय सांगतो. 'गाडी उंच हवी' हा उपाय आहे; 'गाडीचे पोट घासते' ही अडचण आहे. अभियंत्याने उपाय जसाच्या तसा उचलला तर तो चुकीच्या जागी पैसे घालतो. म्हणून प्रत्येक मागणीला चार प्रश्न विचारायचे: हे कधी घडते? कुठे घडते? तेव्हा गाडीत कोण असते? आणि ते कोणत्या एककात मोजायचे?

२. 'गाडी उंच हवी': अडचण गाडीत की रस्त्यावर?

मुलांनी पुन्हा जाऊन विचारले तेव्हा कळले की गाडी एरवी लागत नाही. पाच माणसे आणि सामान असेल तेव्हाच लागते, आणि तीही वसाहतीतल्या ठरावीक गतिरोधकांवर.

आता आकडेमोड करू. समजा गाडी रिकामी असताना जमिनीपासूनचे अंतर १८० मिमी आहे. चारही स्प्रिंगांचा चाकाशी मिळून कडकपणा १०० न्यूटन प्रति मिमी धरू. माणसे आणि सामान मिळून ४०० किलो म्हणजे सुमारे ३,९२० न्यूटन. त्यामुळे गाडी सरासरी ३९ मिमी खाली बसते. हा भार मुख्यतः मागे येत असल्याने मागची बाजू त्याहून अधिक दबते. म्हणजे जाहिरातीत १८० मिमी वाचलेल्या मालकाच्या हाती, घरचे सगळे बसल्यावर, १४० मिमी किंवा त्याहून कमी उरते.

दुसरी बाजू रस्त्याची. इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर (व्हीलबेस) २.५ मीटर असेल, तर चारही चाके त्या उंचवट्यावर असताना मधला भाग चाकांच्या रेषेच्या किती वर येतो? व्हीलबेसचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या: ६.२५ ÷ १३६ = ०.०४६ मीटर, म्हणजे ४६ मिमी. १४० मिमी उरलेली गाडीही त्यावरून सहज जाईल.

पण गल्लीत रहिवाशांनी स्वतः घातलेला गतिरोधक अरुंद आणि उंच असतो. पुढची चाके तो ओलांडून जातात, मागची अजून अलीकडे असतात आणि पूर्ण उंचवटा पोटाखाली येतो. उंची १५० मिमी असेल तर १४० मिमीवाली गाडी लागणारच.

आता 'गाडी ३० मिमी उंच करा' हा उपाय तपासू. गाडी उलटण्याबाबतचा स्थिरतेचा सोपा निर्देशांक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांतले अंतर १.५४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.६२ मीटरवर असेल तर हा आकडा १.२४ येतो. गुरुत्वमध्य ०.६५ मीटरवर गेला की १.१८. म्हणजे स्थिरता सुमारे पाच टक्क्यांनी घटते. रोज दहा सेकंद होणारा त्रास टाळण्यासाठी महामार्गावरच्या प्रत्येक वळणावर ही किंमत मोजावी लागते.

म्हणून मोजता येणारी गरज अशी लिहायची: 'पूर्ण भारासह जमिनीपासूनचे किमान अंतर अमुक मिमी.' 'भारासह' हा एक शब्द आला की उपायही बदलतात. भार वाढेल तशी कडक होत जाणारी मागची स्प्रिंग, पोटाखालच्या नळ्यांची फेरमांडणी, संरक्षक पत्रा. आणि एक उपाय गाडीच्या कारखान्यात नाहीच, तो रस्त्यावर आहे. हेही अहवालात लिहायला लाजू नका.

३. 'डिकी मोठी हवी, मागे जागाही हवी': चार मीटरची वेस

या दोन मागण्या एकाच मालकाच्या तोंडून येतात, पण त्या एकमेकींच्या आड येतात. कारण भारतात लहान गाडीची लांबी करामुळे ठरते. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात ४,००० मिमीपर्यंत लांबी आणि ठरावीक क्षमतेचे इंजिन (पेट्रोल १,२०० सीसी, डिझेल १,५०० सीसीपर्यंत) असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले. पुढे जीएसटीतही ही वेस टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतल्या गाड्यांना १८ टक्के आणि त्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्यामुळे आपल्याकडे ३,९९५ मिमी लांबीच्या गाड्यांची एक जातच तयार झाली.

महाराष्ट्रातच बनलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवू. पुण्याजवळच्या रांजणगावची टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये आली, नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ही २०१९ मध्ये. दोघींची लांबी ३,९९५ मिमी. नेक्सॉनचा व्हीलबेस २,४९८ मिमी, तर एक्सयूव्ही ३०० चा २,६०० मिमी. म्हणजे दुसरीत चाकांच्या मधे १०२ मिमी जास्त, तर चाकांच्या पुढे-मागे तेवढेच कमी. डिकीचे जाहीर आकडे बघा: नेक्सॉन सुरुवातीला ३५० लिटर, एक्सयूव्ही ३०० सुमारे २५७ लिटर. एकीने सामानाला झुकते माप दिले, दुसरीने माणसांना. यात चूक कुणाचीच नाही. लांबी वाढवता येत नसेल तर प्रत्येक मिलिमीटर कुणाकडून तरी काढूनच कुणाला तरी द्यावा लागतो.

(डिकीचे लिटर कुठपर्यंत मोजले, मागच्या झाकणफळीपर्यंत की छतापर्यंत, यावर आकडा खूप बदलतो. तुलना करताना दोन्हीकडे मोजण्याची रीत एकच आहे ना, हे आधी पाहा.)

४. सीएनजीची टाकी: मालकांचे ऐकून झालेली एक सुधारणा

लखनौत सीएनजीवर चालणाऱ्या खासगी गाड्या भरपूर दिसतात. त्यांची तक्रार एकच: डिकीत आडवे पडलेले ६० लिटरांचे सिलिंडर. स्टेशनवरून पाहुणे आणायचे म्हटले की बॅगा मांडीवर.

इथेही उपाय सांगितला गेला तो 'डिकी मोठी करा' असा. चार मीटरच्या वेशीमुळे ते शक्य नव्हते. खरी गरज होती 'टाकी असतानाही सपाट, वापरता येण्याजोगी जागा'. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझ आणि पंचमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी ३० लिटरांची दोन सिलिंडरे डिकीच्या फळीखाली बसवली. दोन्ही गाड्यांत २१० लिटर डिकी शिल्लक राहिली. २०२४ मध्ये नेक्सॉनच्या सीएनजी आवृत्तीत ३२१ लिटर जागा उरली. त्याच वर्षी ह्युंदाईनेही एक्स्टरमध्ये दोन सिलिंडरांची रचना आणली आणि २०२५ मध्ये मारुतीने व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या बुडाखालीच नेली.

यामागचे गणित करून पाहा. दोन्ही टोके सपाट धरू आणि आतली लांबी ०.८५ मीटर घेऊ. ६० लिटरांसाठी आतला व्यास सुमारे ३०० मिमी येतो. तेवढ्याच लांबीच्या ३० लिटरांच्या सिलिंडरचा व्यास १.४१ पट कमी, म्हणजे सुमारे २१२ मिमी. उंची जवळपास ९० मिमीने घटली! डिकीची फळी सपाट होण्यामागे हेच आहे.

मग वजन वाढले का? पातळ भिंतीच्या सिलिंडरची जाडी दाब आणि व्यास यांच्या प्रमाणात असते. भिंतीचे वजन व्यास गुणिले जाडी यांच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येते. व्यासाचा वर्ग निम्मा झाला, सिलिंडर दोन झाले. भिंतीचे एकूण वजन तेवढेच राहिले. जास्तीचे आले ते टोकांचे, झडपांचे आणि नळीचे.

मग या सुधारणेची किंमत कशात मोजली गेली? फळीखालची जागा एरवी स्टेपनीची. काही गाड्यांत स्टेपनी बुडाखाली गेली, काहींत ती गेलीच आणि पंक्चर दुरुस्तीचा संच आला. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि असा संच असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियमदुरुस्तीने दिलेली आहे. ज्याला रात्री निर्जन रस्त्यावर टायरची बाजू फाटण्याचा अनुभव आहे, त्याला हा सौदा पटणार नाही. दोन मालक, दोन गरजा. रचनाकाराने निवड केली आहे, एवढे ओळखायला शिका.

५. 'प्रखर दिवे' आणि 'परत हवी असलेली बटणे'

डिसेंबर-जानेवारीत ३०२ किमीच्या आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर धुके उतरले की दिव्याची मागणी वाढते. पण धुक्यात अंधार ही मुख्य अडचण नसते. पाण्याच्या थेंबांवरून परत डोळ्यात येणारा आपलाच प्रकाश ही अडचण असते. दिवा जितका प्रखर आणि डोळ्याच्या रेषेच्या जवळ, तितकी समोरची पांढरी भिंत दाट. म्हणून फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो. त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो. पिवळा रंग धुके भेदतो, ही समजूतही तपासून घ्या. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. इथे गरज आहे 'धुक्यात रस्त्याची कडा अमुक मीटरपर्यंत दिसणे' आणि 'मागच्याला आपण दिसणे'. दुसऱ्या गरजेसाठी मागचा फॉग लॅम्प लागतो, आणि तो कुणाच्याच यादीत नव्हता.

बटणांची मागणी मात्र जशी आहे तशीच बरोबर निघते. पडद्यावर एसीचा वेग शोधायला दोन सेकंद लागले, तर ताशी ८० किमी वेगाने गाडी त्या वेळात ४४ मीटर पुढे जाते, चालकाने रस्त्याकडे न बघता. युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदत यांसाठी वेगळे बटण किंवा दांडी असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. मोजमाप: 'रस्त्यावरची नजर न हटवता करता येणारी कामे किती?'

६. जी मागणी कुणीच केली नाही

जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये ग्राहकांच्या गरजांची मांडणी केली. तिच्यातले तीन प्रकार आपल्या कामाचे आहेत. पहिला प्रकार जितके जास्त तितके समाधान देणारा, उदाहरणार्थ मायलेज, डिकी. दुसरा न मागता मिळाला तर आनंद देणारा. सनरूफ सुरुवातीला तसे होते. तिसरा गृहीत धरलेला: असला तर कुणी कौतुक करत नाही, नसला तर अनर्थ. गृहीत गरजा ग्राहक बोलून दाखवत नाही. म्हणूनच केवळ विचारून यादी करणारा अभियंता नेमक्या त्याच विसरतो.

मी स्वतः विसरलो होतो. मुलांना गृहपाठ देण्याआधी काही वर्षे मी माझ्या जुन्या गाडीबद्दल अशीच यादी केली होती. तिच्यात चांगले स्पीकर होते, मागचा कॅमेरा होता. त्याच हिवाळ्यात आम्ही संध्याकाळी घरी परतत होतो. मागे मधोमध आई, दोन बाजूंना मुले. मोकाट जनावर आडवे आले, मी करकचून ब्रेक दाबला. धडक झाली नाही, पण आई पुढच्या दोन सीटांच्या फटीतून पुढे आली आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले. मधल्या जागेला पट्टा होता, फक्त कमरेचा. त्याचे बक्कल सीटच्या फटीत गेले होते. आईने बसताना दोनदा चाचपले होते आणि "राहू दे, जवळच तर जायचंय" म्हणून सोडून दिले होते. ते मी ऐकले होते.

माझ्या यादीत ते बक्कल का नव्हते? कारण यादी चालकाने केली होती. मालक बहुधा पुढे बसतो. मागच्या मधल्या जागेवर घरातली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती बसते.

मुलाला मांडीवर घेण्याबद्दलही हेच. ताशी ५० किमी म्हणजे १३.९ मीटर प्रतिसेकंद. धडकेत गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर १५ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे २,०८५ न्यूटन बल लागेल, म्हणजे दोनशे किलोहून अधिक वजन हातांनी पेलणे. कोणत्याही आईबापाच्या हातात एवढी ताकद नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात पुढे आले. त्यानंतर मागच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. नियम मात्र आधीपासूनच होता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत बालप्रवाशांच्या सुरक्षेला स्वतंत्र ४९ गुण आहेत.

मी मुलांना तिसऱ्यांदा पाठवले. या वेळी सांगितले, "मालकाला विचारू नका. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना विचारा, आणि त्यांना बसताना-उतरताना बघा." नवी यादी वेगळीच आली: चढताना धरायला मूठ नाही, मधल्या जागेला डोके टेकायला आधार नाही, बक्कल सापडत नाही, उन्हाळ्यात मागे वारा पोहोचत नाही.

यातली एक ओळ पूर्ण करून दाखवतो:

- शब्द: "बक्कल सापडत नाही."
- प्रसंग: तिघे बसल्यावर, अंधारात, जाड स्वेटर घालून.
- मोजमाप: ६५ वर्षांवरील व्यक्तीला न बघता, एका हाताने, १० सेकंदांत पट्टा लावता येणे.
- आड येणारी गोष्ट: मागची सीट सपाट दुमडताना उभे बक्कल अडते.
- संभाव्य उपाय: कडक देठाचे, सीटच्या वर राहणारे बक्कल, सीट दुमडताना ते आत बसेल अशी खाच.
- प्रकार: गृहीत गरज. वाटाघाट नाही.

मागण्या एका बाजूला, मोजमापे वरच्या बाजूला आणि त्यांच्यातले संघर्ष छपरासारख्या त्रिकोणात मांडले की जो तक्ता तयार होतो, त्याला 'हाउस ऑफ क्वालिटी' म्हणतात. ही पद्धत जपानमध्ये योजी अकाओ आदींनी विकसित केली आणि १९७२ च्या सुमारास मित्सुबिशीच्या कोबे येथील जहाजबांधणी कारखान्यात ती वापरली गेली. तक्ता पुस्तकात मिळेल. त्यातला पहिला रकाना तुम्हाला गाडीच्या मागच्या दारापाशी उभे राहूनच भरावा लागेल.

७. स्वाध्याय

१. व्हीलबेस २.६ मीटर असेल तर १७ मीटर त्रिज्येच्या गतिरोधकावर किती मिमी अंतर खर्च होईल?
२. ६० लिटरांऐवजी २० लिटरांची तीन सिलिंडरे त्याच लांबीत बसवली तर व्यास किती? रुंदीची गरज किती वाढेल?
३. सनरूफची मागणी घ्या. तिच्यामागची अडचण (उजेड, हवा, प्रतिष्ठा) वेगळी करा आणि उन्हाळ्यातल्या उष्णतेशी तिचा संघर्ष लिहा.
४. 'मागे एसी लागत नाही' या तक्रारीला मोजता येणारे रूप द्या. तापमान कुठे आणि किती वेळाने मोजाल?
५. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीत मागच्या मधल्या जागेवर स्वतः बसा. पट्टा लावून बघा, किती सेकंद लागले ते लिहा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विनंती करून तेच पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक ही तुमच्या अहवालाची पहिली ओळ असू द्या.